अपिलाआधी मोजणी

देवगाव रंगारी, ता. कन्नड,
जि. छत्रपती संभाजीनगर
१८ जानेवारी २०२६

चि. सौ. ताई हिस,


तू व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले कागद मिळाले. नोटीस, जावईबापूंचा खुलासा, मासिक सभेच्या ठरावाची नक्कल आणि घरापुढचा ओटा व पत्र्याचे शेड पंधरा दिवसांत काढून घेण्याचा आदेश. फोनवर तू इतकी तापलेली होतीस की कागदात काय लिहिलेय ते राहिले बाजूला आणि शेजारच्यांनी लग्नात आहेर कसा परत केला तिथपर्यंत गोष्ट गेली. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. चिरंजीव उद्या तिकडे येणार आहे, त्याच्या हाती देतो. तू वाच, जावईबापूंना दे आणि तुझ्या सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखव. फोनवरचे बोलणे घरातल्या प्रत्येकाला आपापल्या सोयीचे ऐकू येते.

इकडे बरे आहे. आद्रक काढायला माणसे मिळत नाहीत, हे दरवर्षीचेच. तुझी मामी गुडघ्याचे नाव काढून शेतात जायचे टाळते आणि मळ्यातल्या देवीला मात्र चालत जाऊन येते.

आता मुद्द्याचे. तुला ठाऊक आहे, माझी सगळी नोकरी ग्रामसेवक म्हणून गेली. हल्ली त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गाव अजून ग्रामसेवकच म्हणते. अशा नोटिसा मी टेबलाच्या त्या बाजूला बसून लिहिलेल्या आहेत, म्हणून त्या कशा तयार होतात ते मला माहीत आहे. एखाद्याचा तक्रारअर्ज येतो. सरपंच म्हणतात, 'भाऊसाहेब, एक नोटीस काढून टाका.' मागच्या एखाद्या प्रकरणाची नोटीस काढायची, नाव आणि मिळकत क्रमांक बदलायचा, शिक्का मारायचा. तुझ्या नोटिशीत तसेच झालेले दिसते. तिच्यात ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ५२ही आहे आणि कलम ५३ही. ५२ म्हणजे पंचायतीच्या परवानगीशिवाय केलेले बांधकाम. ५३ म्हणजे रस्त्यावर किंवा सार्वजनिक मोकळ्या जागेवर केलेला अडथळा, अतिक्रमण. हे दोन वेगळे दोष आहेत. माझ्याच जागेत मी परवानगी न घेता बांधले तर ते पहिल्यात बसेल, दुसऱ्यात नाही. तुमच्यावर नेमका कोणता ठपका आहे, हे नोटिशीवरून कळत नाही आणि आदेशावरूनही कळत नाही. अपिलातला हा पहिला मुद्दा. लिहून ठेव.

दुसरा मुद्दा त्या सुनावणीचा. जावईबापू सांगतात, सभेच्या दिवशी त्यांना बोलावले, ते दारात उभे राहिले, कुणीतरी विचारले, 'खुलासा दिलाय ना?' हे म्हणाले, 'दिलाय.' झाली सुनावणी. ठरावाची नक्कल पाहा. विषयपत्रिकेत तुमचा विषयच नाही. तो 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या सदरात घेतलेला आहे. सूचक कोण, ते सोड. अनुमोदक मात्र तक्रारदाराचा सख्खा भाऊ आहे. ज्याच्या घरातून तक्रार आली त्याच घरातला माणूस निकालाला अनुमोदन देतो, हे कुठल्याही अपिलात उभे राहणार नाही, मग ठरावाखाली 'सर्वानुमते मंजूर' असो की आणखी काही.

तिसरा मुद्दा, आदेशातले ते एक वाक्य: 'आपण सादर केलेला खुलासा समाधानकारक नाही.' हे वाक्य महाराष्ट्रातल्या निम्म्या आदेशांत असते. आम्ही ते डोळे मिटून लिहायचो. खुलाशात जावईबापूंनी म्हटले आहे की ओटा वाडवडिलांपासूनचा आहे आणि मिळकतीच्या लांबी-रुंदीत बसतो. हे का पटले नाही, याबद्दल आदेशात अक्षर नाही. आता सुनावणीत पंचायतीचे वकील म्हणतील की अहो, त्यामागे अशी अशी कारणे होती. तसे चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मोहिंदरसिंग गिल यांच्या निवडणुकीच्या प्रकरणात १९७८च्या सुमारासच सांगून ठेवले आहे की सरकारी आदेश त्यात लिहिलेल्या कारणांवरच टिकला पाहिजे, मागाहून प्रतिज्ञापत्रात नवी कारणे जोडून त्याला टेकू देता येणार नाही. तुमच्या वकिलाला हे माहीत असेलच. तरी आठवण कर.

हे तीन मुद्दे वाचून तुम्हा मंडळींना वाटेल, मामाने केस जिंकून दिली. म्हणून इथेच थांबवतो. हे तिन्ही मुद्दे पंचायतीने काम कसे केले याचे आहेत. ओटा कुणाच्या जागेत आहे, याचे उत्तर त्यांत नाही. या मुद्द्यांवर अपील मान्य झाले तर बहुतेक वेळा काय होते सांगू? आदेश रद्द होतो आणि प्रकरण फेरचौकशीसाठी त्याच पंचायतीकडे परत जाते. मग पंचायत नीट नोटीस काढते, विषयपत्रिकेवर विषय घेते, भावाला त्या दिवशी घरी बसवते आणि दोन पाने कारणे लिहून तोच आदेश पुन्हा देते. तुमच्या हाती काय राहिले? चार-सहा महिने आणि वकिलाची पावती.

ऑल्गा टेलिस यांचे नाव तू ऐकले नसशील. मुंबईच्या पत्रकार. १९८१च्या जुलैत, भर पावसात, मुख्यमंत्री अंतुले यांनी फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवण्याचे जाहीर केले, तेव्हा ज्यांनी कोर्टाचे दार ठोठावले त्यांत या बाई होत्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १० जुलै १९८५ला निकाल लागला. सरन्यायाधीश होते यशवंतराव चंद्रचूड. महापालिकेचे म्हणणे होते की फुटपाथ सार्वजनिक आहे, तिथे राहायचा हक्क कुणाला असूच शकत नाही, मग यांना विचारायचे तरी काय? न्यायालयाने ते मानले नाही. माणसाला उठवण्याआधी त्याचे ऐकून घेणे हीच रीत आहे, न ऐकता काढणे हा अपवाद, आणि उत्तर आधीच माहीत आहे म्हणून प्रश्न विचारायचे टाळता येत नाही, असे ठरले. जगण्याच्या हक्कात उपजीविकाही येते, हेही त्याच निकालातले. देशभरचे वकील आज चाळीस वर्षांनीही तो निकाल वाचून दाखवतात. पण फुटपाथचे काय झाले? पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५पर्यंत कुणाला हात लावू नका, त्यानंतर काढा, असे त्याच निकालात आहे. तत्त्व जिंकले, जागा गेली. अपिलाला निघालेल्या प्रत्येकाला मी हे सांगत आलो आहे. ऐकून घेतले जाण्याचा हक्क सगळ्यांना आहे, अगदी चुकलेल्यालाही. पण ऐकून घेतल्याने रस्ता काही खासगी होत नाही.

अलीकडचा निकाल तर तुमच्या अधिक जवळचा आहे. १३ नोव्हेंबर २०२४ला न्या. भूषण गवई, आपले अमरावतीचे, आणि न्या. विश्वनाथन यांनी बुलडोझरच्या कारवायांवर देशभरासाठी नियम घालून दिले. बांधकाम पाडण्याआधी नोटीस हवी, ती नोंदणीकृत टपालाने पाठवायची आणि घरावरही चिकटवायची, मिळाल्यापासून किमान पंधरा दिवस द्यायचे, समक्ष ऐकून घ्यायचे, ऐकल्याची नोंद ठेवायची. अंतिम आदेशात पाडण्यावाचून दुसरा मार्ग का नाही हे लिहायचे आणि आदेशानंतर पुन्हा पंधरा दिवस थांबायचे, म्हणजे माणसाला अपील तरी करता येईल किंवा स्वतःहून काढून तरी घेता येईल. नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून नुकसानीची भरपाई करून घेण्याची तंबीही त्यात आहे. तुमच्या आदेशात पंधरा दिवसांची मुदत आली ती बहुधा या निकालामुळेच. माझ्या काळात आम्ही 'तात्काळ' लिहून मोकळे व्हायचो.

जावईबापूंनी हा निकाल मोबाइलवर शोधून काढला आहे आणि तो दाखवून ते पंचायतीत भांडणार आहेत, असे तू म्हणालीस. त्यांना सांग, पुढचे वाक्यही वाचा. रस्ता, गल्ली, फुटपाथ अशा सार्वजनिक जागेवरच्या, रेल्वेमार्गालगतच्या आणि नदी किंवा पाणवठ्यावरच्या अनधिकृत बांधकामांना हे नियम लागू नाहीत, असे त्याच निकालात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे ओटा तुमच्या हद्दीत असेल तर हा निकाल तुमच्या बाजूने उभा राहील आणि ओटा रस्त्यात असेल तर पंचायतीच्या. सगळे प्रकरण त्या काही फुटांवर येऊन थांबते.

आणि ते फूट कुणी मोजलेत? कुणीच नाही. पंचनाम्यात 'अंदाजे सहा फूट' असे आहे. पंच दोघे, टेपचा उल्लेख नाही, नकाशा जोडलेला नाही, रस्त्याची मूळ रुंदी किती तेही लिहिलेले नाही. पंचायतीचा आदेश अंदाजावर उभा आहे, हे खरे. पण ताई, तुमचा खुलासाही अंदाजावरच उभा आहे. सासरे म्हणतात, 'आमच्या आज्याच्या वेळचा ओटा.' असेल. आज्याच्या वेळी रस्त्यावरून बैलगाडी जायची, आज उसाचा ट्रॅक्टर जातो. शिवाय जुना ओटा आणि नंतर वाढवलेला ओटा यांत फरक असतो. शेड तर मला आठवते, तुझ्या लग्नात ते नव्हते.

म्हणून अपिलाआधी मोजणी. घरात कागद काय काय आहेत ते काढ. नमुना ८चा उतारा तू पाठवला आहेस. त्यावर फार विसंबू नका. ती कर आकारणीची नोंदवही आहे. पंचायत ज्याच्या ताब्यात घर आहे त्याच्याकडून कर घेते, एवढाच तिचा अर्थ. करपावत्यांच्या बाडाने ताबा दाखवता येतो, मालकी सिद्ध होत नाही. अतिक्रमणाच्या घरालाही पंचायत कर लावते, हे मी लावला आहे म्हणून सांगतो. खरा उपयोग मिळकत पत्रिकेचा. २०२० साली केंद्राची स्वामित्व योजना आली, गावठाणांवर ड्रोन फिरले आणि घराघराच्या हद्दी नकाशावर आल्या. महाराष्ट्रात त्याआधीच पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत हा प्रयोग झाला होता. तुमच्या गावचे काम झाले असेल तर सनद किंवा मिळकत पत्रिका भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात मिळेल. ती आण, नकाशा घे आणि घरच्या घरी टेप लावून पाहा. मागची भिंत, बाजूची भिंत, मग पुढे. टेपचे एक टोक सासऱ्यांच्या हातात द्या. आकडा त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसू दे. त्याच दिवशी द्रुतगती मोजणीचा अर्जही भरून टाक, म्हणजे सुनावणीत सरकारी मोजणीचा नकाशा दाखवता येईल आणि तोवर निदान अर्जाची पोच तरी दाखवता येईल.

आता अपील कुठे आणि केव्हा. पंचायतीने कलम ५३खाली अधिकार वापरला की ३० दिवसांत विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते. तहसीलदार किंवा गटविकास अधिकारी यांच्याकडे अर्ज देऊन लोक निवांत बसतात, तसे करू नका. तो अर्ज म्हणजे तक्रार, अपील नाही आणि त्याने मुदत थांबत नाही. हेच काम पंचायतीऐवजी जिल्हाधिकाऱ्यांनी केले असते तर वाट वेगळी असती, जमीन महसूल संहितेप्रमाणे जावे लागले असते. तुमच्या बाबतीत आदेश पंचायतीचा आहे, म्हणून आयुक्तच.

तीस दिवस कुठून मोजायचे यावर वकील वाद घालतात. आदेशाच्या तारखेपासून, तो हातात पडल्यापासून, की प्रत्यक्ष पाडकामापासून? आपण त्या वादात पडायचे नाही. सगळ्यांत आधीची तारीख धरायची. आदेश ९ जानेवारीचा आहे, तेव्हा ३० दिवस ८ फेब्रुवारीला भरतात आणि त्या दिवशी रविवार आहे. शुक्रवारी, ६ तारखेला, अपील दाखल झालेले असले पाहिजे. आदेश १३ तारखेला मिळाला म्हणतेस, तर तो ज्या पाकिटातून आला ते पाकीट जपून ठेव, आणि पोचवहीत सही केली असेल तर तिच्यावरची तारीख लक्षात ठेव. उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो, न्यायालये त्याकडे बऱ्यापैकी उदारपणे पाहतात, पण त्या अर्जावर आधी सुनावणी, मग मूळ अपिलावर सुनावणी. एका भांडणाची दोन होतात.

जावईबापूंना माहिती अधिकाराचा मोठा सोस आहे. करू दे अर्ज, दहा रुपयांचे तिकीट लागते. पण माहिती द्यायला पंचायतीला ३० दिवस आहेत आणि अपिलालाही तुम्हाला ३० दिवसच आहेत, हे त्यांच्या लक्षात आणून दे. माहितीची वाट पाहत बसले तर अपील गेले. हातात आहेत त्या कागदांवर अपील दाखल करायचे आणि 'उर्वरित कागदपत्रे मिळताच सादर करू' असे त्यातच लिहायचे.

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. अपील दाखल झाले म्हणून जेसीबी थांबत नाही. त्यासाठी स्थगितीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो आणि तो त्याच दिवशी, अपिलासोबतच द्यायचा. तुमची पंधरा दिवसांची मुदत आदेश मिळाल्यापासून धरली तरी २८ जानेवारीला संपते. म्हणजे अपिलाला ६ फेब्रुवारीपर्यंत वेळ असला तरी स्थगितीला तेवढा नाही. मोजणीत ओटा तुमच्या हद्दीत निघाला तर २८च्या आत संभाजीनगरला जायला हवे. आपल्याला ते एका एसटीचे अंतर आहे. याच आयुक्त कार्यालयात मराठवाड्यातले आठही जिल्हे येतात. नांदेड-किनवटहून, उमरग्याहून माणसे रात्रीची गाडी धरून येतात आणि बोर्डावर नाव नाही म्हणून परत जातात. आयुक्तांऐवजी अपर आयुक्त ऐकतील, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

आयुक्तांनी विरोधात निकाल दिला तर पुढे उच्च न्यायालय, जालना रोडवरचे आपले खंडपीठ. या खंडपीठाचीही एक गंमत आहे. ते २७ ऑगस्ट १९८१ला सुरू झाले, काही महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयानेच त्याची स्थापना बेकायदा ठरवली आणि १९८२मध्ये सर्वोच्च न्यायालयात राज्य सरकारचे अपील मान्य झाले म्हणून ते वाचले. मराठवाड्याच्या माणसाला जिथे अपिलासाठी जायचे, ती जागाच अपिलात टिकलेली आहे. तरीही तिथवर जायची वेळ येऊ नये, कारण तिथला खर्च ओट्याला परवडणारा नाही. आणि जागेची मालकी कुणाची, हा वाद आयुक्तही मिटवणार नाहीत आणि रिट याचिकेतही तो सहसा मिटत नाही. तो दिवाणी न्यायालयाचा विषय. दिवाणीत गेलेले प्रकरण कधी बाहेर येते, हे मी तुला सांगायला नको. तुमच्याच घरात एक आहे.

अपिलाचा मसुदा वकील करेल, पण तो टाइप होण्याआधी तू वाच. लोकांच्या अपिलात पहिला परिच्छेद 'राजकीय द्वेषापोटी' या शब्दांनी सुरू होतो. कार्यालयात रोज येणाऱ्या प्रत्येक अर्जात तेच असते, वाचणाऱ्याची नजर तिथून घसरून पुढे जाते. शेजाऱ्याचे आणि तुमचे बांधावरून भांडण, त्याचा भाऊ सदस्य, मागच्या निवडणुकीत तुम्ही त्याला मत दिले नाही, हे सगळे खरे असले तरी अपिलात एका ओळीत यावे, तेही अनुमोदकाच्या मुद्द्यापुरते. बाकी सगळी जागा लांबी-रुंदीला, नकाशाला, नोटिशीतल्या दोषांना द्या. प्रत्येक मुद्द्यापुढे कुठल्या कागदाच्या कुठल्या पानावर ते दिसते ते लिहा. सुनावणीला मोजकी मिनिटे मिळतात. त्यांत साहेबाच्या हातात नकाशा पडला पाहिजे. कहाणी ऐकायला त्याला वेळ नसतो.

आता जे फोनवर बोलायचे टाळले ते. जावईबापू पंचायतीला उभे राहणार आहेत, हे मला कळले आहे. तुमच्या पंचायतीची मुदत संपत आली आहे आणि नोटीस नेमकी आता आली, यात योगायोग कमीच असावा. अधिनियमाच्या कलम १४(१)(ज-३)प्रमाणे सरकारी जमिनीवर किंवा सार्वजनिक मालमत्तेवर अतिक्रमण करणारा सदस्य अपात्र होतो. आज जो ओट्याचा आदेश आहे तो उद्या निवडून आल्यावर जिल्हाधिकाऱ्यांपुढे पुरावा म्हणून जाईल. आणि तुला वाटत असेल की हे त्यांचे ते बघून घेतील, तर तसे नाही. निम्म्या जागा महिलांच्या आहेत, वॉर्ड महिलेसाठी निघाला तर अर्ज तुझाच भरतील. अतिक्रमण सासऱ्यांनी केले, मी नाही, असे म्हणून सुटता येईल का? २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी कलमाचा अर्थ तसा मर्यादित लावला होता. पण सप्टेंबर २०१८मध्ये जनाबाई यांच्या प्रकरणात तीन न्यायाधीशांनी तो बदलला. घरच्यांनी केलेल्या अतिक्रमणाच्या घरात सदस्य राहत असेल तर तोही अपात्र, असे ठरले.

याच्या उलट बाजूचे उदाहरण घाट उतरून पलीकडचे, जळगाव जिल्ह्यातल्या विचखेड्याचे. तिथल्या सरपंच मनीषा पानपाटील यांच्याविरुद्ध तक्रार झाली की त्या सासूबरोबर सरकारी जमिनीवरच्या घरात राहतात. त्यांचे म्हणणे होते, ते घर राहण्याजोगेच नाही, आम्ही वेगळे, भाड्याच्या घरात राहतो. जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र ठरवले, आयुक्तांनी ते कायम केले, खंडपीठाने ऑगस्ट २०२३मध्ये याचिका फेटाळली. शेवटी २७ सप्टेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे पद परत दिले. न्या. सूर्य कांत आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी सुनावले की गावकऱ्यांना बाई सरपंच असणे आणि तिचे ऐकावे लागणे पचले नाही, आणि निवडून आलेल्या माणसाला, त्यातही गावातल्या बाईला, काढण्याचे काम अधिकाऱ्यांनी इतक्या सहज केले हे बरोबर नाही. तीन पायऱ्यांवर हरलेली बाई चौथ्या पायरीवर जिंकली. त्यांच्या लढाईला पाया होता, 'मी त्या घरात राहत नाही' हे त्या ठामपणे सांगू शकत होत्या. तू त्या घरात राहतेस. तेव्हा तुझा पाया फक्त एकच असू शकतो, तो म्हणजे ओटा आपल्या हद्दीत आहे.

सरकारी जमिनीवरची १ जानेवारी २०११पूर्वीची राहती घरे नियमित करण्याचे राज्याचे धोरण आहे, त्यात आपले बसेल का, असे सासऱ्यांनी विचारले आहे. ते घरांसाठी आहे. रस्त्यातल्या ओट्याला आणि पत्र्याच्या शेडला त्याचा उपयोग होणार नाही. कुणी पैसे घेऊन बसवून देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

तर असे करा. चिरंजीव परत निघण्याआधी त्याच्यासमोर टेप लावा आणि आकडे मला कळवा. ओटा हद्दीत निघाला तर २८ तारखेच्या आत स्थगितीच्या अर्जासह अपील दाखल करू, मी स्वतः बरोबर येतो, एक पाऊल मागे घ्यायचे नाही. ओटा हद्दीत आणि नुसते शेड बाहेर निघाले तर शेड स्वतःहून उतरवून घ्या, तसे पंचायतीला लेखी कळवून पोच घ्या आणि अपील फक्त ओट्यापुरते करा. आणि दोन्ही रस्त्यात निघाले तर अपिलाचे नाव काढू नका. वकिलाला द्यायचे पैसे नव्या पायऱ्या बांधायला वापरा, अतिक्रमण काढल्याचा पंचनामा पंचायतीकडून करून घ्या आणि त्याची नक्कल निवडणुकीच्या फायलीत जपून ठेवा. जावईबापूंना राग येईल. येऊ दे.

तुझा,
मामा